कपात खाते

वाईतील जुन्या व्यापारी पेढ्यांच्या वह्या चाळल्या तर त्यांत एक खाते हमखास आढळते, ते म्हणजे धर्मादा खाते. गिऱ्हाइकाच्या बिलात काही पैसे धर्मादा म्हणून आकारले जात. ती रक्कम पेढीच्या गल्ल्यात पडली तरी पेढीची होत नसे. पांजरपोळ, पाणपोई, दुष्काळातील चारा अशा कामांसाठी ती वेगळी मांडली जाई. हुंडी वटवायची असो वा माल उचलायचा असो, कितीही नड आली तरी त्या खात्याला हात लावायचा नाही, हे मुनीमापासून मालकापर्यंत सर्वांना ठाऊक असे. हा जुना नियम एका घराण्याला अगदी अलीकडे, एका बांधकामाच्या निमित्ताने पुन्हा शिकावा लागला. त्याची ही हकीकत.

पेढी हळद-गुळाची. वडिलांनी चाळीस वर्षे सांभाळली. मुलाने शिक्षण संपवल्यावर दोन मित्रांना घेऊन बांधकामाची भागीदारी संस्था काढली. वाईत कृष्णाकाठचे वाडे एकेक करून उतरत आहेत आणि पसरणीच्या वाटेला, सुरूरच्या वाटेला नव्या इमारती उभ्या राहत आहेत. तेव्हा धंदा चुकीचा नव्हता. बारा सदनिकांची पहिली इमारत २०२३ च्या दसऱ्यानंतर सुरू झाली. इकडे पाऊस दमदार, म्हणून दसरा ते मृग एवढ्याच अवधीत स्लॅब उरकावे लागतात.

अशा इमारतीचे काम एक माणूस करीत नाही. सेंट्रिंग एकाचे, वीटकाम व गिलावा दुसऱ्याचा, फरशी तिसऱ्याची, नळकाम व रंग आणखी कोणाचे. हे सारे मजुरीच्या ठेक्यावर, चौरस फुटाच्या दराने. कायद्याच्या भाषेत हे कंत्राटदार आणि उपकंत्राटदार. प्रत्यक्षात ना त्यांचे कार्यालय, ना दारावर पाटी. लोखंडी प्लेटा, काही टेकू, पंधरा-वीस माणसे आणि खिशात हजेरीची वही, एवढाच त्यांचा संसार. या इमारतीचा सेंट्रिंग मिस्त्री जत तालुक्यातला. गावाकडे पाणी नाही म्हणून पंधरा वर्षांपूर्वी वाईला आला आणि येथलाच झाला.

अशा माणसाला पैसे देताना संस्थेने उद्गम करकपात, म्हणजेच टीडीएस, करावी असा नियम आहे. आयकर अधिनियम १९६१ मधील कलम १९४क हे त्यासाठीचे कलम. ते १ एप्रिल १९७२ पासून लागू झाले. प्रारंभी कंत्राटदारासाठी दर दोन टक्के व उपकंत्राटदारासाठी एक टक्का असा होता. १ ऑक्टोबर २००९ पासून हा भेद गेला आणि घेणारा कोण आहे यावर दर ठरू लागला. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एक टक्का, इतर सर्वांसाठी दोन टक्के. एका वेळची रक्कम तीस हजारांच्या आणि वर्षाची बेरीज एक लाखाच्या आत असेल तर कपात नाही. कपात केलेली रक्कम पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत सरकारजमा करायची. फक्त मार्चची ३० एप्रिलपर्यंत चालते. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा नवा कायदा. त्यात ही सारी कलमे ३९३ या एका कलमात एकत्र आली, परंतु एक आणि दोन टक्के हे दर तेच राहिले.

ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२३ या तीन महिन्यांत मिस्त्रीची प्रत्येकी १,६०,००० रुपयांची तीन बिले झाली. प्रत्येक बिलातून १,६०० रुपये कापले गेले. ४,८०,००० रुपयांवर ४,८०० रुपये. तिमाही विवरणपत्रही वेळेत गेले. सारे सुरळीत आहे, असे तिघा भागीदारांना वाटत होते.

मार्चच्या मध्याला आयकर खात्याची सूचना आली. कपात कमी झाली आहे, दर एक टक्का नव्हे, वीस टक्के लागू आहे. म्हणून ९१,२०० रुपये आणि त्यावरील व्याज संस्थेने भरावे. कारण मिस्त्रीचे पॅन आधारशी जोडलेले नव्हते. ज्यांची जोडणी झाली नाही त्यांचे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरले होते, आणि निष्क्रिय पॅन म्हणजे पॅन नसल्यासारखेच, तेव्हा कपात वीस टक्क्यांनी. संस्थेने पॅनची झेरॉक्स घेऊन फाइलला लावली होती. ते चालू आहे की बंद, हे पाहण्याची सोय आयकर विभागाच्या संकेतस्थळावर होती. पण ती कोणी वापरली नव्हती.

तिघा भागीदारांचा निर्णय पाच मिनिटांत झाला. मार्चच्या स्लॅबचे १,१०,००० रुपयांचे बिल द्यायचे होते. त्यातूनच ही रक्कम वळती करून घ्यावी. ठेक्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलेच होते, ‘कर व सरकारी देणी ठेकेदाराची.’ कागद पक्का होता आणि मिस्त्रीने त्यावर सही केली होती.

रात्री जेवताना मुलाने हे वडिलांना सांगितले. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून वडील झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी विचारले, “या तीन बिलांत मिस्त्रीला स्वतःला किती सुटले?”

मुलाला ते माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मिस्त्रीला पेढीवर बोलावले. बसायला गादी दिली, चहा मागवला आणि म्हणाले, “मिस्त्री, तुमची हजेरीची वही दाखवा.” वहीत सारे होते. माणसांची हजेरी ३,४५,००० रुपये. टेकू व प्लेटांचे भाडे, वाहतूक, तेल मिळून ५७,००० रुपये. उरले ७८,००० रुपये. तीन महिन्यांच्या उन्हातान्हात मिस्त्रीच्या घरी गेले ते एवढेच. आणि वीस टक्क्यांच्या फरकापोटी त्याच्याकडून घ्यायचे होते ते ९१,२००. म्हणजे त्याची सारी कमाई, वर पदरचे तेरा हजार.

मिस्त्रीला काय घडले ते समजावून सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, एक टक्का दरसाल कापत्यात ते मला ठावं हाय. सरकारचं कमिशन असतंय म्हणत्यात. पर ते जातंय कुठं?”

पेढीवर बसलेल्या दोन वाणिज्य पदवीधरांना या प्रश्नाचे उत्तर नीट देता आले नाही. खरे उत्तर असे, की तो एक टक्का कमिशन नाही, दंड नाही आणि अंतिम करही नाही. तो मिस्त्रीचाच पैसा आहे. त्याच्या नावावर, त्याच्या पॅनवर सरकारकडे जमा झालेला आगाऊ कर. वर्षाअखेर विवरणपत्र भरून त्याने हिशेब द्यायचा. कर लागत असेल तर त्यातून वळता होतो, लागत नसेल तर सारा परत मिळतो. छोट्या ठेकेदाराचे करपात्र उत्पन्न बहुधा सवलतीच्या मर्यादेतच असते, म्हणून हा पैसा परत येण्याजोगाच असतो. पण जो विवरणपत्रच भरत नाही त्याच्यापुरता तो एक टक्का कायमचा गेलेला असतो.

ही रीत काही आपल्याच देशात नाही. बांधकामातला मजूर-ठेकेदार आज या गावी, उद्या त्या गावी. तो सापडत नाही, म्हणून पैसे देणाऱ्याकडूनच कर कापून घ्यायचा, हा विचार अनेक देशांनी केला. ब्रिटनमध्ये बांधकामासाठीची अशी योजना १९७२ मध्येच, म्हणजे आपल्या कलमाबरोबरच सुरू झाली. आज तेथे नोंदणीकृत उपकंत्राटदाराचे वीस टक्के कापतात, नोंदणी नसेल तर तीस. साहित्याची किंमत मात्र त्यातून वगळतात, आणि ज्याचा व्यवहार चोख आहे त्याला संपूर्ण रक्कम कपातीविना मिळण्याची मुभा देतात. आयर्लंडमध्ये शून्य, वीस आणि पस्तीस टक्के असे तीन दर आहेत. त्या मानाने आपला एक टक्का हलका. पण तत्त्व एकच: कागदपत्र नीट असलेल्याला हलका दर, नसलेल्याला जड. कागदपत्र नसण्याची किंमत आपल्याकडे एका टक्क्यावरून एकदम वीसावर जाते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते.

वडिलांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली. मुलाकडून बांधकामाचे चलन मागवले आणि तारखा पाहिल्या. ऑक्टोबर आणि डिसेंबरची कपात वेळेत भरली होती. नोव्हेंबरची मात्र १८ नोव्हेंबरला कापलेली रक्कम ७ डिसेंबरऐवजी २९ डिसेंबरला भरली गेली होती. मुलगा म्हणाला, “बाबा, सळईचे पैसे द्यायचे होते. सोळाशेचाच तर प्रश्न होता. व्याज अठ्ठेचाळीस रुपये, तेही भरले.”

हिशेब बरोबर होता. कापून न भरलेल्या रकमेवर दरमहा दीड टक्का, दोन महिन्यांचे अठ्ठेचाळीस. पण वडील उठले आणि कपाटातून एक जुनी वही काढून त्यांनी मुलापुढे धर्मादा खाते उघडून ठेवले. “तुझ्या आजोबांच्या काळातली ही वही. एका साली हळद पडली, पेढी बुडायची वेळ आली होती. तरी या पानावरचा एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. कारण तो आपला नव्हता. मिस्त्रीच्या बिलातून सोळाशे कापलेस त्या क्षणी ते ना तुझे राहिले, ना त्याच्या हाती गेले. ते तुझ्याकडे ठेव म्हणून होते. त्या ठेवीने तू सळई घेतलीस.”

अचौर्याचे व्रत म्हणजे केवळ कोणाच्या घरात न शिरणे, असा अर्थ कोणत्याही पाठशाळेत सांगितला जात नाही. विश्वासाने हाती आलेले दुसऱ्याचे धन आपल्या कामी लावणे हेही त्यात मोडते. रक्कम सोळाशे असो की सोळा लाख. कायदाही या बाबतीत सौम्य नाही. मुळात कपातच केली नाही तर दरमहा एक टक्का व्याज आणि त्या खर्चाचा तीस टक्के भाग उत्पन्नातून अमान्य. विवरणपत्राला उशीर झाला तर रोजचे दोनशे रुपये. पण कापून घेऊन सरकारजमा न करणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्यासाठी कारावासाची तरतूद आहे. कायद्याने केलेला हा फरक व्यापाऱ्याला सहज समजावा असाच आहे. न घेणे ही चूक, घेऊन ठेवणे हा अपहार.

मग मार्चच्या बिलाचा निर्णय झाला. तो वडिलांनी सांगितला आणि मुलाने मान्य केला, पण भागीदारांपुढे मांडताना त्याला दोन दिवस लागले. निर्णय दोन भागांचा होता. पहिला, मार्चच्या १,१०,००० रुपयांवर नियमाप्रमाणे वीस टक्के, म्हणजे २२,००० रुपये कापायचे. पॅन बंद आहे हे आता ठाऊक झाले आहे, तेव्हा दयेपोटी कायदा मोडायचा नाही. ती रक्कम मुदतीत भरायची आणि तसे लेखी मिस्त्रीच्या हाती द्यायचे, म्हणजे पुढे ती त्याला परत मागता येईल. उरलेले ८८,००० रुपये त्याच दिवशी त्याच्या खात्यात. दुसरा, मागच्या बिलांचे ९१,२०० रुपये मिस्त्रीकडून घ्यायचे नाहीत. पॅन तपासण्याचे काम पैसे देणाऱ्याचे होते आणि ते संस्थेने केले नव्हते. भरावे लागले तर तिघांनी प्रत्येकी ३०,४०० रुपये भरावेत.

एक भागीदार म्हणाला, “चिठ्ठीवर त्याची सही आहे.” मुलगा म्हणाला, “सही आहे. पण आपण काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखवलं होतं का?” यावर फारसे बोलणे झाले नाही.

पैसे देण्याचे ठरले, तरी पॅन जोडायचेच होते. मिस्त्रीने पूर्वी एकदा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. कारण पाहिले तर साधे होते. पॅनवर जन्मतारीख १ जून, आधारवर केवळ जन्माचे साल, तेही वेगळे. ग्रामीण महाराष्ट्रात एका पिढीची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून दिली. ती दाखल्यावर गेली, दाखल्यावरून पॅनवर गेली, आणि आधार काढताना घरच्यांनी सांगितलेले साल पडले. दोन कागदांवरचा माणूस एक, तारखा दोन. संगणकाला एवढे कारण पुरते.

एप्रिलच्या अखेरीस एक चांगली बातमी आली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २३ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक क्रमांक ६ काढले. ३१ मार्च २०२४ पर्यंतच्या व्यवहारांत ज्यांचे पॅन निष्क्रिय होते, त्यांचे पॅन ३१ मे २०२४ पर्यंत सक्रिय झाले तर कमी कपातीची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर राहणार नाही. अवधी पाच आठवड्यांचा होता. एक हजार रुपये शुल्क भरल्यावर पॅन सक्रिय व्हायला तीस दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि त्याआधी आधारवरची तारीख दुरुस्त व्हायला हवी होती.

मिस्त्री रातोरात एस.टी.ने जतला गेला आणि शाळेचा दाखला घेऊन तिसऱ्या दिवशी परतला. मुलगा त्याला स्वतः आधार केंद्रावर घेऊन गेला. रांगेत दोन तास उभे राहून तारीख दुरुस्तीला दिली. दुरुस्ती झाली, शुल्क भरले, जोडणीचा अर्ज गेला. त्या तीन आठवड्यांत मुलगा रोज सकाळी दुकान उघडण्याआधी पॅनची स्थिती पाहत असे. २२ मे रोजी पॅन सक्रिय झाले. ९१,२०० रुपयांची मागणी यथावकाश निघून गेली. भागीदारांना एक पैसाही भरावा लागला नाही. परंतु ते ठरवताना हे कोणालाच माहीत नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढचे काम विवरणपत्राचे. मिस्त्रीची त्या वर्षाची एकूण जमा ८,३०,००० रुपये. घरमालकांची छोटी कामे धरून. राहत्या घराचे खासगी बांधकाम करणाऱ्या व्यक्तीला या कलमाखाली कपात करावी लागत नाही, म्हणून त्या कामांवर काही कापलेले नव्हते. (तेथेही एका ठेकेदाराला वर्षात पन्नास लाखांवर रक्कम गेली तर वेगळे कलम लागते, त्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून पाचाऐवजी दोन टक्के झाला.) छोट्या व्यावसायिकाला हिशेबाच्या मोठ्या वह्या न ठेवता अनुमानित उत्पन्न दाखवण्याची सोय आहे. रोखीच्या जमेवर किमान आठ टक्के, बँकेतून आलेल्या जमेवर सहा. प्रत्यक्ष सुटलेले त्याहून अधिक असेल तर अधिक दाखवावे. मिस्त्रीच्या वहीप्रमाणे १,६५,००० रुपये सुटले होते. तेवढेच त्याने दाखवले. ते तीन लाखांच्या मर्यादेच्या बरेच आत, म्हणून कर शून्य. कापलेले ४,८०० आणि २२,००० मिळून २६,८०० रुपये सप्टेंबरात त्याच्या खात्यात परत आले.

एक गोष्ट मात्र हाती लागली नाही. पॅन सुरू झाल्यावर मागील वर्षांच्या कपातीची नोंद पाहिली, तेव्हा २०२०-२१ ते २०२२-२३ या तीन वर्षांत इतर ठेकेदारांनी त्याच्या नावावर भरलेले १९,७०० रुपये दिसले. विवरणपत्राची मुदत केव्हाच उलटली होती, आणि नंतर भरायच्या सुधारित सोयीत परतावा मागता येत नाही. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत. तसा अर्ज मिस्त्रीने केला आहे. कोणीतरी चार वर्षांपूर्वी त्याला दोन वाक्ये सांगितली असती, तर या अर्जाची गरज नव्हती. ज्यांनी कापले त्यांनी कायद्याने वागून पैसे भरलेही होते. पण त्याचा कागद मिस्त्रीच्या हाती कोणी दिला नव्हता.

पेढीच्या वहीत आता एक नवे पान आहे. धर्मादा खात्याच्या पाठोपाठ कपात खाते. बिलातून कापलेली रक्कम त्याच दिवशी वेगळ्या बँक खात्यात जाते, सात तारखेची वाट पाहत नाही. तिमाही प्रमाणपत्र हाती आले की त्याची प्रत ज्याची त्याला बोलावून दिली जाते आणि वहीत त्याची सही घेतली जाते. काम देण्याआधी पॅन चालू आहे का, हे पाहिले जाते.

पुढच्या दसऱ्याला नवे काम निघाले तेव्हा मिस्त्री एका तरुण गवंड्याला घेऊन पेढीवर आला. गवंड्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत दोन कार्डे होती. मिस्त्रीने ती गादीवर ठेवली आणि म्हणाला, “शेठ, दराचं मागनं बोलू. आधी ह्याची तारीख बघा.”

दोन्ही कार्डांवर १ जूनच होती.